वाचकांचे प्रश्न : बाहेर बसवल्यावर गप्प होणारे सेन्सर नोड

बिनतारी सेन्सर जाळ्यांवर आलेल्या प्रश्नांपैकी सात येथे घेतले आहेत. नोड म्हणजे सेन्सर, रेडिओ आणि बॅटरी असलेले जाळ्यातले एक लहान उपकरण. टेबलावर नीट चालणारा नोड बाहेर बसवला की गप्प होतो किंवा चुकीचे आकडे पाठवू लागतो, ही तक्रार त्यांतल्या बहुतेकांत आहे.

प्रश्न : ईएसपी३२ या वायफाय असलेल्या चिपच्या तयार बोर्डाला तापमानाचा सेन्सर जोडला आहे. तीन एए अल्कलाइन सेल लावले आहेत. नोड दर दहा मिनिटांनी जागा होऊन वायफायवरून आकडा पाठवतो आणि पुन्हा डीप स्लीपमध्ये, म्हणजे चिपच्या गाढ झोपेत, जातो. माहितीपत्रकात डीप स्लीपचा प्रवाह १० मायक्रोअँपिअर दिला आहे, त्यावरून वर्षभर चालेल असे वाटले होते. सेल अडीच आठवड्यांत संपले.

तो आकडा एकट्या चिपचा आहे. बोर्डावर यूएसबीची चिप असते, सतत पेटलेला एलईडी असतो आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर असतो. एएमएस१११७ जातीचा रेग्युलेटर काही काम नसतानाही सुमारे ५ मिलिअँपिअर घेतो. बोर्ड झोपेत ६ मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला १४४ मिलिअँपिअर-तास नुसते झोपण्यात जातात. एए सेलची क्षमता साधारण २५०० धरली, तर हिशोब जवळपास तुमच्या अडीच आठवड्यांवरच येतो.

या रेग्युलेटरचा दुसरा दोष कमी लक्षात येतो. ३.३ व्होल्ट देण्यासाठी त्याला आत येणारे व्होल्टेज किमान १.१ व्होल्टने जास्त लागते, म्हणजे ४.४ व्होल्ट. तीन नव्या सेलचे मिळून ४.५ ते ४.८ होतात. सेल थोडे उतरले की रेग्युलेटरच्या हातात काही उरत नाही, मग वायफाय सुरू होतानाच्या झटक्याला चिप रीसेट होते. रीसेट झाली की पुन्हा वायफाय, पुन्हा झटका. या चक्रात उरलेली बॅटरी काही तासांत संपते.

उपाय असा. तयार बोर्डाऐवजी सुटे मॉड्यूल घ्या आणि ३.२ व्होल्टचा एक लिथियम आयर्न फॉस्फेट सेल रेग्युलेटरशिवाय थेट जोडा. मॉड्यूलच्या ३.० ते ३.६ व्होल्टच्या मर्यादेत तो बसतो. मॉड्यूलच्या पायांजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. सेन्सरला वीज जीपीआयओ, म्हणजे प्रोग्रामने चालू-बंद करता येणाऱ्या, पिनवरून द्या, म्हणजे झोपेत तीही बंद राहील.

एवढे करूनही वर्ष निघेलच असे नाही. दर वेळी वायफाय जोडून पाठवायला ३ सेकंद लागले आणि सरासरी १०० मिलिअँपिअर गेले, तर दिवसातल्या १४४ फेऱ्यांचे १२ मिलिअँपिअर-तास होतात. तितक्याच क्षमतेच्या सेलवर हे सुमारे दोनशे दिवस झाले. म्हणून मोजा दर दहा मिनिटांनी, पण पाठवा तासातून एकदा, सहा आकडे एकत्र. मग खर्च दिवसाला अडीच मिलिअँपिअर-तासांच्या आसपास येतो.

प्रोग्राममध्ये वायफाय जोडण्याला ५ सेकंदांची मर्यादा घालाच. जमले नाही तर आकडे साठवून झोपायचे, पुढचा प्रयत्न दुप्पट वेळाने. ही मर्यादा नसेल तर राउटर एक दिवस बंद पडला तरी सगळे नोड त्याला हाका मारत बॅटरी संपवून बसतात.

प्रवाह मोजताना एक अडचण येते. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर ठेवला की त्याच्या आतल्या रोधावर इतके व्होल्टेज पडते की नोड सुरूच होत नाही. मीटरच्या दोन टोकांवर एक जंपर लावून ठेवा, नोड झोपला की तो काढा, आणि पुन्हा जागा होण्याआधी लावा.

प्रश्न : डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर मध्येच ८५ अंश दाखवतो, कधी उणे १२७. असे आकडे गाळून टाकावेत का?

गाळण्याआधी कारण शोधा, कारण हे दोन आकडे दोन वेगळी दुखणी सांगतात. ८५ हा सेन्सरला वीज मिळताच त्याच्या मेमरीत असणारा मूळ आकडा आहे. १२ बिटचे मोजमाप पूर्ण व्हायला ७५० मिलिसेकंद लागतात. त्याआधी वाचले, किंवा मोजमाप चालू असताना वीज क्षणभर पडली, की ८५ येतो. उणे १२७ मात्र सेन्सर देतच नाही. उत्तर मिळाले नाही की लायब्ररी तो भरते. तेव्हा वायर, सांधे आणि ४.७ किलोओहमचा पुल-अप रोध (माहितीची तार विजेच्या तारेला जोडणारा) तपासा. केबल लांब असेल तर रोध २.२ किलोओहमपर्यंत उतरवून पाहा. दोन तारांवर चालवत असाल तर तिसरी जोडा, निम्मी दुखणी तिथेच संपतात.

प्रत्येक पॅकेटमध्ये, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या माहितीच्या गठ्ठ्यात, तापमानाबरोबर चार गोष्टी पाठवाव्यात असा आमचा आग्रह आहे : पॅकेटचा क्रमांक, रेडिओ चालू असतानाचे बॅटरीचे व्होल्टेज, शेवटच्या रीसेटचे कारण आणि किती वेळा पुन्हा पाठवावे लागले. सात-आठ बाइट पुरतात. कॅलिफोर्नियात सोनोमा येथे सुमारे ७० मीटर उंच रेडवूड वृक्षावर नोड लावून ४४ दिवस दर ५ मिनिटांनी मोजमापे घेतली गेली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात बिघडलेले आकडे ओळखायला सर्वांत उपयोगी पडली ती नोडच्या बॅटरीची नोंद. व्होल्टेज ठरावीक पट्ट्याबाहेर गेले की तापमानही भरकटत होते. व्होल्टेजची नोंद नसती तर त्यातले कितीतरी आकडे खरे धरले गेले असते.

प्रश्न : शेतात २.४ गिगाहर्ट्झचे, ८०२.१५.४ या कमी विजेच्या रेडिओच्या मानकाचे नोड ८० मीटर अंतरावर आणि जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर लावले आहेत. पेरणीनंतर सर्व पॅकेट येत होती. पीक वाढल्यावर, विशेषतः पहाटे, निम्मी गळतात.

पानांतले पाणी आणि त्यावरचे दव ही लहर शोषून घेतात, म्हणून पहाटे जास्त. पण जागा आधीपासूनच अपुरी होती. दोन अँटेनांमधली लहर सरळ रेषेत जात असली तरी तिला भोवताली मोकळी जागा लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. मधोमध त्याची त्रिज्या म्हणजे तरंगलांबी आणि अंतर यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाचा निम्मा भाग. ०.१२५ मीटर गुणिले ८० म्हणजे १०, त्याचे वर्गमूळ ३.१६, निम्मे १.५८ मीटर. यातली किमान ६० टक्के मोकळी हवी, म्हणजे सुमारे ९५ सेंटिमीटर. अँटेना पूर्ण वाढलेल्या पिकाच्या शेंड्याहून एक मीटर वर गेली पाहिजे.

त्यासाठी बारीक कोअॅक्स केबल लावून नुसती अँटेना वर नेऊ नका. आरजी१७४ सारख्या दोन मीटर केबलमध्ये या वारंवारतेला सुमारे ४ डेसिबल जातात. पूर्ण नोड खांबावर न्या आणि सेन्सरची तार खाली सोडा.

बसवताना ‘पॅकेट आले’ एवढ्यावर समाधान मानू नका, आरएसएसआय, म्हणजे मिळालेल्या सिग्नलची ताकद, पाहा. रेडिओची संवेदनशीलता, म्हणजे त्याला ऐकू येणारा सर्वांत क्षीण सिग्नल, उणे ९५ डीबीएम असेल आणि कोरड्या दुपारी उणे ८८ मिळत असेल, तर तो दुवा पहिल्या दवात तुटणार. उणे ७५ किंवा त्याहून चांगला हवा. जवळचे वायफाय त्याच्या चॅनेल १, ६ आणि ११ वर असेल तर नोडसाठी चॅनेल १५, २०, २५ किंवा २६ निवडा, ते वायफायच्या फटींत बसतात.

प्रश्न : धूळ-पाणी रोखणारा आयपी६७ डबा वापरूनही आत पाणी कसे साचते?

ते बहुतेकदा गळून आलेले नसते. दिवसा डबा तापतो, हवा बाहेर पडते. संध्याकाळी थंड होताना आत ओढ तयार होते आणि केबल आत घेणाऱ्या बुचातून (ग्लँडमधून), अगदी तारेच्या आवरणातूनही, दमट हवा शिरते. रात्री तिचे पाणी होते. घट्ट डबा ते बाहेर जाऊ देत नाही. डब्याच्या खालच्या बाजूला दाब समान करणारा झिरपा पडदा बसवा, सगळ्या ग्लँड खालीच ठेवा, केबलला ग्लँडआधी खाली झोळ द्या. सिलिका जेल उपयोगी आहे, पण भरले की निरुपयोगी. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नका, त्यातले आम्ल तांब्याचे ट्रॅक खाते. न्यूट्रल प्रकारचे घ्या. सर्किटवर संरक्षक लेप देताना आर्द्रतेच्या सेन्सरचे भोक आधी पट्टीने झाका.

प्रश्न : लोरावॅन या लांब पल्ल्याच्या जाळ्यात सगळेच नोड एसएफ१२ वर, म्हणजे सर्वांत संथ पण सर्वांत दूर पोचणाऱ्या स्प्रेडिंग फॅक्टरवर, ठेवले तर पोच सर्वाधिक मिळेल ना?

एका नोडला मिळेल, जाळ्याला नाही. दहा बाइट माहिती आणि तेरा बाइट वरखर्च असे २३ बाइटचे पॅकेट १२५ किलोहर्ट्झवर एसएफ७ ने ६२ मिलिसेकंदांत जाते, एसएफ१२ ने १.४८ सेकंदांत. रेडिओची ऊर्जा चोवीसपट. टकरींचेही पाहा. शंभर नोड एकाच चॅनेलवर दर दहा मिनिटांनी, आपापल्या वेळेला पाठवत असतील, तर एसएफ१२ वर साध्या अलोहाच्या (कोणीही केव्हाही पाठवायचे, या पद्धतीच्या) गणिताने सुमारे ३९ टक्के पॅकेट आपटून वाया जातात. एसएफ७ वर सुमारे २ टक्के. अॅडॅप्टिव्ह डेटा रेट, म्हणजे प्रत्येक नोडचा वेग सिग्नलप्रमाणे आपोआप ठरवणारी सोय, चालू ठेवा. जे एक-दोन नोड एसएफ१२ शिवाय पोचतच नाहीत, त्यांच्या बाजूला आणखी एक गेटवे (नोडची पॅकेट घेऊन पुढे पाठवणारे यंत्र) लावा.

प्रश्न : पुलाची कंपने आठ नोडवर सेकंदाला २०० वेळा मोजतो. सुरुवातीला सगळ्यांची वेळ जुळवतो, तरी दहा मिनिटांनी फेज जुळत नाही.

सुरुवातीचे जुळवणे पुरत नाही. ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलची चूक दहा लाखात २० भागांपर्यंत असते. एक नोड पुढे, दुसरा मागे असेल तर दर सेकंदाला ४० मायक्रोसेकंदांचे अंतर पडते. तुमची दोन मोजमापे ५ मिलिसेकंदांच्या फरकाने असतात, म्हणजे १२५ सेकंदांत पूर्ण एका मोजमापाचा घोळ. दहा मिनिटांत २४ मिलिसेकंद. ५ हर्ट्झच्या कंपनात हा फेजमधला सुमारे ४३ अंशांचा फरक आहे. त्यात हा क्रिस्टल २५ अंशांपासून गार किंवा गरम, कुठेही गेला तरी मागेच पडतो, आणि उन्हातला व सावलीतला नोड सारखे मागे पडत नाहीत.

दर ३० सेकंदांनी वेळ जुळवा. नुसता फरक दुरुस्त करू नका, घड्याळाचा वेगही काढा. वेळ जुळवण्याच्या २००४ च्या एफटीएसपी पद्धतीत हेच आहे : पॅकेट प्रत्यक्ष हवेत जाताना रेडिओच्या पातळीवर वेळेचा शिक्का मारायचा, आणि अलीकडच्या आठ नोंदींतून सरळ रेषा बसवायची. शिक्का प्रोग्रामच्या वरच्या थरात मारला तर रांगेतला उशीर चुकीत मिसळतो आणि सगळी मेहनत फुकट जाते. मोजमापे आधी फ्लॅशमध्ये साठवा, मग पाठवा. गोल्डन गेट पुलावर ६४ नोड आणि नोडवरून नोडकडे पॅकेट देणाऱ्या ४६ टप्प्यांच्या साखळीवर असेच केले गेले.

प्रत्येक नोंदीबरोबर नोडचे स्वतःचे कच्चे घड्याळही ठेवा. २००५ मध्ये इक्वेडोरमधल्या रेव्हेंतादोर ज्वालामुखीवर १६ नोड १९ दिवस चालले. तिथे वेळ जुळवणारी यंत्रणाच काही काळ बिघडली, आणि वेळेच्या साठवलेल्या नोंदींवरून आकडे नंतर सुधारता आले.

प्रश्न : पदव्युत्तर प्रबंधासाठी लीच या, नोडचे गट पाडून माहिती पाठवण्याच्या, प्रोटोकॉलमध्ये सुधारणा करायचे ठरवले आहे. विषय योग्य आहे का?

स्पष्ट सांगायचे तर, नाही. वेंडी हाइन्झेलमन आणि सहकाऱ्यांनी एमआयटीमध्ये मांडलेली लीचची कल्पना २००० साली मोलाची होती : गटप्रमुखपद आळीपाळीने फिरवायचे, म्हणजे एकाच नोडची बॅटरी आधी संपत नाही. पण त्यामागच्या ऊर्जेच्या गणितात दर बिटला ५० नॅनोज्यूल आणि अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढणारा खर्च धरला आहे. पॅकेटची वाट पाहत रेडिओ चालू ठेवण्याचा खर्च त्यात शून्य आहे. प्रत्यक्षात सीसी२४२० हा रेडिओ पाठवताना १७.४ मिलिअँपिअर घेतो आणि ऐकताना १८.८. नोड किती दूर बोलतो यापेक्षा तो किती वेळ कान उघडे ठेवतो, यावर त्याचे आयुष्य ठरते. रेडिओ केव्हा चालू ठेवायचा हे ठरवणाऱ्या बी-मॅक, एक्स-मॅक, आणि पुढे २०१२ च्या ८०२.१५.४ई मधले टीएससीएच, ही सगळी कामे याच खर्चावर झाली. गटप्रमुख निवडण्याचे नवे सूत्र काढून सिम्युलेशनमध्ये दहा टक्के आयुष्य वाढले, तरी खऱ्या नोडवर त्यातले काही उरेलच असे नाही.

करण्यासारखे पुष्कळ आहे. हवेतून नवा प्रोग्राम पाठवताना अर्ध्यात वीज गेली तर नोड सुखरूप परत कसा यावा, सौरऊर्जेवर अधूनमधून मरणाऱ्या नोडने अर्धवट गणित कसे पुढे न्यावे, सेन्सर हळूहळू भरकटतोय हे शेजारच्या नोडवरून कसे ओळखावे. यांतला शेवटचा विषय कमी सामग्रीत होतो.

कोणताही घेतला तरी कॉन्टिकी-एनजी या नोडसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर लिहा आणि आधी कूजा या तिच्या सिम्युलेटरमध्ये चालवा. मात्र कूजाच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये वर्तुळाच्या आत सगळे ऐकू येते, बाहेर काहीच नाही. खरी हवा अशी नसते, म्हणून नंतर किमान दहा खरे नोड दोन आठवडे चालवा. निकालात रेडिओ किती टक्के वेळ चालू होता, किती पॅकेट पोचली, आणि उशिराचा मध्यक व ९९ वा शतमक द्या, तेही प्रत्येक नोडचे वेगळे. सरासरीत सर्वांत टोकाचा, सर्वांत आधी मरणारा नोड दिसत नाही, आणि परीक्षक त्याच्याबद्दलच विचारतील.