हिप्पोकॅम्पसचं आकारमान मोजायला सर्वांत अचूक कोणतं: फ्रीसर्फर, एफएसएलचं फर्स्ट की वोलब्रेन?

तिन्ही एमआरआयवरून मेंदूच्या भागांचं आकारमान काढणारी सॉफ्टवेअर. प्रश्नात 'अचूक' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. याच शब्दावरून माझं आणि दादाचं अजून धड बोलणं नाही.

बाबांचा पहिला एमआरआय दादरला झाला, दुसरा दीड वर्षाने परळला. दोन्हीकडे रिपोर्टला सॉफ्टवेअरने काढलेला आकड्यांचा तक्ता जोडलेला. दुसऱ्यात हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी सांभाळणारा आणि अल्झायमरमध्ये आकसणारा मेंदूतला भाग, अकरा टक्क्यांनी लहान. दादाने त्याच रात्री फर्मान काढलं, बाबांचं चेकबुक काढून घ्या. तक्त्याखाली बारीक अक्षरात सॉफ्टवेअरची नावं होती, दोन वेगळी. ती कोण वाचतंय! माझं पोट याच आकड्यांवर चालतं, पण दादाच्या लेखी मी कॉम्प्युटरवर मेंदू रंगवतो.

दोन्ही स्कॅन घरच्या पीसीवर फ्रीसर्फरच्या एकाच आवृत्तीत, लाँगिट्यूडिनल पद्धतीने, म्हणजे एकाच माणसाचे वेगवेगळ्या वेळचे स्कॅन एकमेकांशी ताडून, चालवले. मे महिना, डबा तापलेला, टेबलफॅन त्याच्याकडे वळवलेला. तीन रात्री गेल्या. फरक निघाला सव्वादोन टक्के, म्हणजे वर्षाला दीड. निरोगी म्हातारपणातही वर्षाला दीडेक टक्का जातोच. अल्झायमरमध्ये साडेचारच्या आसपास.

तर, सर्वांत अचूक वगैरे काही नसतं. फ्रीसर्फर हाताने आखलेल्यापेक्षा हिप्पोकॅम्पस मोठा दाखवतो, पण तसा सगळ्याच रुग्णांचा दाखवतो, म्हणून तुलनेला चालतो. फर्स्ट काही मिनिटांत उरकतं. वोलब्रेनला स्कॅन अपलोड करावा लागतो, रुग्णाचं नाव आधी पुसा. घाई असेल आणि ग्राफिक्स कार्ड असेल तर फास्टसर्फर. अमिग्डाला, म्हणजे हिप्पोकॅम्पसला लागून असलेला छोटा भाग, त्याच्या आकड्याबाबत मी यातल्या कुठल्याच सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवत नाही. एक निवडा आणि मध्येच आवृत्तीसुद्धा बदलू नका. 2012 साली प्लॉस वन या शोधपत्रिकेत आलेल्या अभ्यासात फ्रीसर्फरच्या निरनिराळ्या आवृत्त्यांमध्ये, तेच स्कॅन असूनही, मेंदूच्या भागांच्या आकारमानात सरासरी 8.8 टक्के फरक पडला होता.

हां, एक कबूल करतो: बाबांची दोन मशीनही वेगळी होती, एक दीड टेस्लाचं, दुसरं तीनचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद). म्हणजे माझे सव्वादोनही काही दगडावरची रेघ नाहीत. आणि निदान न्यूरॉलॉजिस्ट करतो, तक्ता नाही.

सीडी मात्र मागून घ्याच. दादरला तिचे तीनशे रुपये वेगळे पडले, तेव्हा दादा म्हणाला होता, "फिल्म आहे ना, सीडी काय चाटायचीय?" फिल्मवरून आकारमान निघत नाही, दादा. चेकबुक अजून बाबांकडेच आहे.