मशीनवर दोन्ही पाय सारखे, मग डावा पाय १७ वरच का थांबला?

प्रश्न : माझी मुलगी फुटबॉलच्या इंडियन विमेन्स लीगमधल्या एका क्लबकडून खेळते. सीझनच्या आधी हॅमस्ट्रिंगची टेस्ट झाली, मशीनवर दोन्ही पाय मस्त, पण एका पायावर कंबर उचलायच्या टेस्टला उजवा २९ आणि डावा १७. ती खूप घाबरलीय. नक्की खरं काय मानायचं?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, दोन्ही खरं आहे. मशीनवर मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, एका दमात किती जोर लावतो ते कळतं, आणि कंबर उचलायच्या टेस्टमध्ये, म्हणजे ब्रिज टेस्टमध्ये, तोच स्नायू किती वेळ टिकतो ते. पाठीवर झोपून टाच ६० सेंटीमीटरच्या बॉक्सवर, गुडघा जरासा वाकलेला, हात छातीवर, दुसरा पाय वर स्थिर धरायचा आणि जमेल तितक्या वेळा कंबर उचलायची. पंधराच्या पुढे बघा, कंबर एका बाजूला कलायला लागते, मांडीत गोळा येतो, खरी टेस्ट तिथून सुरू होते. २० च्या आत कमी आणि ३० च्या वर चांगलं असं धरतात, पण हे आकडे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या पुरुष खेळाडूंवरून आलेत, मुलींना जसेच्या तसे लावू नका. मला १७ पेक्षा दोन पायांतला १२ चा फरक जास्त खटकतोय.

मुलींच्या बाबतीत मी याचा एवढा आग्रह धरते कारण हा स्नायू नडगीचं हाड पुढे सरकू देत नाही, म्हणजे गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटचा (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्याचा) भार हलका करतो, आणि एसीएलची दुखापत मुलींना मुलांपेक्षा दुप्पट-तिप्पट होते. २०२३ च्या महिला फुटबॉल वर्ल्ड कपला इंग्लंडमधल्या आर्सेनल क्लबच्या लिया विल्यमसन, बेथ मीड आणि मिडेमा तिघीही एसीएलमुळेच नव्हत्या. अर्थात एसीएल फाटायला एकटं हॅमस्ट्रिंग कारण नसतं, त्यामुळे १७ म्हणजे आता गुडघा जाणार असं तिला अजिबात वाटू देऊ नका.

क्लबच्या फिजिओला एकच विनंती करा, हीच टेस्ट एकदा प्रॅक्टिस संपल्यावर घ्या म्हणावं, कारण सकाळी ताज्या पायांनी काढलेला आकडा मॅचच्या ८० व्या मिनिटाचं काही सांगत नाही आणि हा स्नायू अनेकदा थकल्या पायांनी पळताना ताणला जातो. नॉर्डिक (गुडघ्यांवर बसून, घोटे धरून ठेवून हळूहळू पुढे झुकायचा व्यायाम) चालूच ठेवायचं, त्याने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्या होतात, सोबत डाव्या पायाला ब्रिजचे जास्तीचे सेट, आणि सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा मोजा, तोच बॉक्स, तीच वेळ.