धमन्या कडक होण्यात रोगप्रतिकारशक्तीचा खरंच हात असतो का, की सगळा दोष कोलेस्टेरॉलचा?

हो, हात असतो आणि चांगलाच मोठा असतो. सुरुवात मात्र बहुधा कोलेस्टेरॉलच करतं. एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, कण धमनीच्या अस्तराखाली अडकतात, तिथे त्यांचं ऑक्सिडेशन होतं आणि शरीराला ते परके वाटू लागतात. मग रक्तातल्या मोनोसाइट या प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी भिंतीत घुसतात, मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशी बनतात आणि ते कण गिळत सुटतात. चरबीने त्या इतक्या भरतात की सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसतात. शेवटी तिथेच मरतात आणि त्यांचा लगदा साचतो. त्यावरचं आवरणही याच पेशींच्या विकरांमुळे (एन्झाइम्समुळे) पातळ होतं. ते फाटलं की गुठळी होते आणि हार्ट अटॅक येऊ शकतो. माझ्या मते सर्वात भक्कम पुरावा २०१७च्या कँटोस चाचणीचा आहे. आधी अटॅक येऊन गेलेल्या १०,०००हून अधिक रुग्णांवरच्या या चाचणीत कॅनाकिनुमॅब या दाहविरोधी (प्रतिकारशक्तीमुळे होणारा दाह कमी करणाऱ्या) औषधाच्या १५० मिलिग्रॅम डोसने, एलडीएल न घटताही, अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी उतरलं. पण जीवघेणे संसर्ग थोडे वाढले, त्यामुळे सरसकट प्रतिकारशक्ती दाबणं हा उपाय नाही. हे वाचून कृपया कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी परस्पर बंद करू नका.