‘डाउट’च्या विरुद्ध नेमका कोणता शब्द?

परीक्षांच्या जाहिराती निघाल्या की ‘डाउट’ आणि त्याच्या विरुद्ध अर्थाच्या इंग्रजी शब्दांविषयीची पत्रे विदर्भातल्या तालुक्यातालुक्यांतून येऊ लागतात, आणि त्यांतला गोंधळ बहुतेक एकच असतो. म्हणून निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : एका गाइडमध्ये ‘डाउट’चा विरुद्धार्थी शब्द ‘बिलीफ’ दिला आहे, दुसऱ्यात ‘ट्रस्ट’, आणि शिकवणीच्या झेरॉक्स नोट्समध्ये ‘सर्टन्टी’. परीक्षा येत्या रविवारी आहे. कोणता शब्द पाठ करू? (विद्यार्थिनी, दारव्हा)

उत्तर : नाम विचारले असेल आणि पर्यायांत ‘सर्टन्टी’ असेल, तर बहुतेक वेळा तेच उत्तर धरावे. परंतु हा प्रश्न आठवडा उरला असताना विचारण्याचा नव्हे, आणि ‘कोणता पाठ करू’ असा तर मुळीच नव्हे. शंका कशाविषयी आहे हे कळल्याशिवाय तिच्या विरुद्ध काय हे ठरत नाही. एखादी गोष्ट घडली की नाही, घडेल की नाही, याविषयी शंका असेल तर तिच्या विरुद्ध ‘सर्टन्टी’. अडत्याच्या काट्याविषयी, म्हणजे माणसाच्या सचोटीविषयी शंका असेल तर ‘ट्रस्ट’. स्वतःला जमेल की नाही अशी धास्ती असेल तर ‘कॉन्फिडन्स’. मत किंवा श्रद्धा डळमळत असेल तर ‘बिलीफ’ किंवा ‘फेथ’, आणि विचारांती पक्के झालेले मत असेल तर ‘कन्व्हिक्शन’. या शेवटच्या शब्दाचा न्यायालयातला अर्थ दोषसिद्धी असा आहे, हेही ध्यानात ठेवावे. तेथे आरोप ‘बियॉन्ड रीझनेबल डाउट’ सिद्ध व्हावा लागतो, म्हणजे सुजाण माणसाला वाजवी वाटेल अशी शंका उरता कामा नये. कोणत्याही काल्पनिक शंकेला जागाच उरू नये, एवढी निरपवाद खात्री कायदाही मागत नाही. ‘सर्टन्टी’ आणि ‘सर्टिट्यूड’ हेही एकच नव्हेत. पहिली वस्तुस्थितीत असू शकते आणि मनातही. दुसरी केवळ मनात असते, आणि म्हणून ती पूर्णपणे चुकीचीही असू शकते. शिवाय ‘डाउट’ क्रियापद म्हणून आले असेल तर उत्तर ‘बिलीव्ह’ किंवा ‘ट्रस्ट’ असे क्रियापदच हवे, आणि ‘डाउटफुल’ विचारले असेल तर ‘सर्टन’ असे विशेषण. गाइडवाले यातले काहीच सांगत नाहीत, कारण एका गाइडातली यादी दुसऱ्यात उतरवली जाते आणि उतरवताना वाक्य गळून शब्द तेवढा उरतो. आपण तालुक्याच्या वाचनालयात बसून वाक्यांसह अर्थ देणारा इंग्रजी कोश पाहावा, आयोगाने प्रसिद्ध केलेल्या मागील परीक्षांच्या उत्तरतालिका तपासाव्यात, आणि तरीही अडले तर महाविद्यालयातील इंग्रजीच्या प्राध्यापकांना वाक्यासह विचारावे.

प्रश्न : ‘डाउट’मधल्या ‘बी’चा उच्चार करावा का? (पालक, आर्वी)

उत्तर : नाही. लॅटिन मूळ शब्दाशी नाते दाखवण्यासाठी विद्वानांनी तो मागाहून लिहिण्यात आणला, बोलण्यात तो आलाच नाही.

प्रश्न : ‘इट इज शुअर दॅट’ हे वाक्य मुले सर्रास लिहितात. बरोबर मानावे का? (शिक्षक, मेहकर)

उत्तर : मानू नये, तेथे ‘इट इज सर्टन दॅट’ हवे. माणूस ‘शुअर’ही असतो आणि ‘सर्टन’ही, पण ‘इट’ने सुरू होणाऱ्या या रचनेत ‘शुअर’ चालत नाही. याच्याच शेजारची आणखी एक जागा मुलांना दाखवावी : ‘ही इज शुअर ऑफ विनिंग’ म्हणजे जिंकण्याची खात्री त्याला स्वतःला आहे, तर ‘ही इज शुअर टू विन’ म्हणजे ती बोलणाऱ्याला आहे.

प्रश्न : आत्मविश्वास दिसावा म्हणून नोकरीच्या अर्जात ‘शुअरली’, ‘डाउटलेस’, ‘नो डाउट’ असे शब्द घालावेत, असे आमच्या क्लासमध्ये सांगितले आहे. अर्ज पाठवू का? (उमेदवार, सिंदेवाही)

उत्तर : पाठवू नये. महिन्याभरात फाडफाड इंग्रजीची हमी देणाऱ्या वर्गांनी हे खूळ पसरवले आहे. या तिन्ही शब्दांचा चेहरा खात्रीचा असला तरी वजन कमी आहे. ‘शुअरली’ने बोलणारा समोरच्याची संमती मागतो, ‘असे असेलच ना’ असा त्याचा सूर असतो. ‘डाउटलेस’ आणि ‘नो डाउट’ यांचा अर्थ पुष्कळदा ‘बहुधा’ एवढाच उरतो, आणि मागून ‘बट’ येणार अशी वाचणाऱ्याची अपेक्षा होते. खरी खात्री ‘सर्टनली’, ‘डेफिनेटली’, ‘अनडाउटेडली’ यांत आहे. अर्जात मात्र त्यांचीही गरज नाही. एमएस-सीआयटी उत्तीर्ण आहे, टंकलेखन इतके आहे, अनुभव इतका आहे, असे साधे विधान कोणत्याही क्रियाविशेषणापेक्षा ठाम वाटते. मसुदा आधी जाणत्या व्यक्तीला दाखवावा.

प्रश्न : सोयाबीनच्या पिशवीवर ‘सर्टिफाइड’ होते आणि दुकानदार ‘गॅरंटीड’ म्हणाला. पेरणीला तीन आठवडे झाले, निम्मेही उगवले नाही. ‘सर्टिफाइड’ म्हणजे ‘सर्टन’ नव्हे का? (शेतकरी, कारंजा)

उत्तर : दोन्ही शब्दांचे मूळ एक आहे, अर्थ एक नाही. ‘सर्टिफाइड’ म्हणजे ठरलेल्या मानकानुसार तपासून प्रमाणित केलेले. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यासाठी उगवणीचे किमान मानक ७० टक्के आहे. म्हणजे शंभरांतले तीस दाणे उगवले नाहीत तरी शब्द खोटा ठरत नाही. पिशवीला निळा टॅग असेल तरच बियाणे प्रमाणित. नुसत्या छापील अक्षरांवर जाऊ नये. ‘गॅरंटीड’ हा शब्द तोंडी असेल तर तो सिद्ध करणे अवघड, आणि कागदावर असेल तर कोणाची, कशाची व किती भरपाईची हमी हे पाहावे. उत्पन्नाच्या आकड्याआधी ‘अप टू’ लिहिले असल्यास तो जास्तीत जास्त आकडा असतो, किमान नव्हे. जाहिरातदार हे दोन शब्द मुद्दाम बारीक छापतात. आपल्या शेतातली घट मानकापेक्षा मोठी दिसते. परंतु दोष बियाण्याचा, पावसाच्या खंडाचा की पेरणीच्या खोलीचा, हे येथून कोणी सांगू शकणार नाही. तीन आठवडे आपण आधीच घालवले आहेत. पावती, पिशवी, टॅग आणि उरलेले थोडे बियाणे घेऊन उद्याच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी.