सभासद, मंडळी आणि फिर्गज

एका वाचकाने विचारले आहे की, अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या होम्स या ग्रामीण काउंटीतील (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) धर्मसंस्थांच्या आकडेवारीविषयीच्या मजकुरात ‘मेंबर’ आणि ‘ॲडहिअरंट’ असे दोन वेगळे रकाने आहेत. मराठीत दोहोंनाही ‘चर्चचे सदस्य’ म्हटले तर चालेल का? चालणार नाही. सदस्यसंख्या लोकसंख्येतून वजा करायची आणि उरलेल्यांना सरसकट ‘धर्म न मानणारे’ ठरवायचे, हा प्रकार मराठीत वारंवार वाचावा लागतो, आणि त्याचे मूळ याच आळसात आहे.

अमेरिकेच्या शासकीय जनगणनेत धर्म विचारत नाहीत. १९७६ च्या कायद्यानुसार त्या प्रश्नाच्या उत्तराची सक्तीही करता येत नाही. म्हणून काउंटीवार आकडे धर्मसंस्थांकडूनच गोळा केले जातात, आणि सभासद कोणाला म्हणायचे हे प्रत्येक संस्था आपापले ठरवते. कॅथलिकांत बाप्तिस्मा झालेले तान्हे मूलही मोजले जाते. होम्समध्ये ज्यांची वस्ती निम्म्याच्या आसपास आहे ते आमिश या ख्रिस्ती पंथाचे लोक मात्र जाणत्या वयात स्वेच्छेने घेतलेला बाप्तिस्माच मानतात. त्यामुळे लहान मुलांनी भरलेल्या घरातही सभासद दोनच असू शकतात, आई आणि वडील. दुसऱ्या रकान्यात सभासद, त्यांची मुले आणि उपासनेला नेमाने येणारे इतर, असे सगळे येतात. त्यांना ‘अनुयायी’ म्हणणे मला पटत नाही, कारण पाळण्यातले मूल कोणाच्या मागून चालत नसते.

या दुसऱ्या रकान्याच्या जवळ जाणारा शब्द गोव्यात केव्हाचा आहे. कोकणीत चर्चला ‘इगर्ज’, धर्मग्रामाला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणाऱ्या वस्तीला (इंग्रजीत ‘पॅरिश’), ‘फिर्गज’ आणि तिथल्या माणसांना ‘फिर्गजकार’ म्हणतात. इगर्ज हे पोर्तुगीज ‘इग्रेजा’चे रूप, आणि त्याच्या मुळाशी ग्रीक ‘एक्लेसिया’, म्हणजे बोलावून जमवलेली सभा. फिर्गज आले ‘फ्रेगेझिया’वरून, आणि तो ज्या ‘फ्रेगेस’वरून झाला त्याचे मूळ लॅटिन ‘फिली एक्लेसिये’, चर्चची लेकरे! म्हणजे इगर्ज आणि फिर्गज ही सख्खी भावंडे असून फिर्गजच्या पोटात इगर्ज दडलेली आहे. काही जुने व्युत्पत्तिकार येथे ‘फिली ग्रेगिस’, म्हणजे कळपाची लेकरे, असे मूळ सुचवतात. मेंढपाळाची उपमा ख्रिस्ती वाङ्मयात लोकप्रिय आहे एवढ्यावरच ही मंडळी खूश झालेली दिसतात. स्पॅनिश अकादमीच्या कोशाने ‘फेलिग्रेस’ या जुळ्या स्पॅनिश शब्दासाठी चर्चचाच पक्ष घेतला आहे, आणि माझ्या मते ते अर्थाच्या दृष्टीनेही उचित आहे, कारण फ्रेगेस हा कोणत्याही कळपातला नव्हे, तर अमुक एका चर्चशी बांधलेला माणूस असतो. पुढे पोर्तुगीजमध्ये या शब्दाला ‘गिऱ्हाईक’ असाही अर्थ आला, तो या बांधिलकीतूनच, नेहमीच्या दुकानाला धरून राहणारा म्हणून.

मूळ प्रश्न राहिलाच. आमिशांपुढे फिर्गजकारही अपुरा पडतो, कारण तेथे कोणी जन्मतः चर्चचे लेकरू होत नाही. शिवाय त्यांना चर्चची इमारतच नसते. एक रविवार सोडून एक, कोणाच्या तरी घरी उपासना भरते. अशा समाजाला मराठी बायबलने एक्लेसियासाठी वापरलेला ‘मंडळी’ हा शब्द ‘चर्च’पेक्षा कितीतरी चपखल बसतो. तेव्हा पहिल्या रकान्याला ‘मंडळीचे सभासद’ आणि दुसऱ्याला ‘मंडळीतील एकूण माणसे’ असे लिहावे, आणि आमिशांच्या बाबतीत पहिल्यात केवळ बाप्तिस्मा घेतलेले प्रौढ येतात हे तळटीपेत सांगावे. हीच आकडेवारी लुईझियानाची असेल तर आणखी सावध राहावे: तेथे काउंटीलाच ‘पॅरिश’ म्हणतात, अशा चौसष्ट पॅरिश आहेत, आणि नाव चर्चकडून आलेले असले तरी तो निव्वळ मुलकी विभाग असल्याने त्याचे भाषांतर ‘धर्मग्राम’ असे करता येत नाही.