गोव्यावरच्या ऐतिहासिक कथेत पात्रांची भाषा जुनी कशी वाटेल?

तुमची कथा 1505च्या दिवाडी बेटावर घडते आणि संवादांत संस्कृत शब्द पेरावेत का, असं विचारलंय. नका पेरू. सगळी पात्रं एकाच सुरात प्रवचन देऊ लागतात.

आधी काय गाळायचं ते बघा. पोर्तुगीजांनी गोवा घेतला 1510मध्ये. चावी, पगार, पाव, बटाटा हे शब्द त्यांच्यामागून आले. काजू आणि मिरची तर झाडासकट. तेव्हा तुमच्या नायिकेच्या हुमणात, म्हणजे माशाच्या कालवणात, तिखटपणा मिऱ्याचाच हवा.

मग ज्याचं जसं जगणं, तसे त्याचे शब्द. आदिलशाही कारकून महसूल, हुकूम, फर्मान सहज बोलेल. गावकाराच्या, म्हणजे गावची जमीन सांभाळणाऱ्या मूळ घराण्यातल्या माणसाच्या तोंडी खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन), बांध, मानस (बांधातलं पाणी सोडायचं-अडवायचं दार), भरती-ओहोटी येईल. तो रागावला तरी बांध फुटल्याच्या भाषेत रागावेल. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इथे माणूस त्याच्या कामातून ऐकू येतो. घरातली बोली कोंकणी, म्हणून अधूनमधून एखादं ‘गो’ (बाईला हाक मारताना) किंवा ‘आवय’ (आई) पुरे.

संस्कृत फक्त देवळातल्या भटजीला द्या, तेही पूजेपुरतं. बायकोशी तो साधंच बोलेल.