समांतर जोडले म्हणजे समान वाटले का?

प्रश्न असा आहे: इन्व्हर्टरवरच्या टिपणात ‘आठ पॉवर ट्रान्झिस्टर समांतरमध्ये जोडून विद्युतधारा समान वाटली आहे’ असे लिहिले तर चालेल का? आणि टोके एकमेकांना जोडलेली असताना त्याला ‘समांतर’ तरी कसे म्हणायचे?

‘समांतर’ बिनधास्त लिहा. शाळेच्या विज्ञानातही ‘एकसर जोडणी’ आणि ‘समांतर जोडणी’ हीच जोडी आहे. भूमितीतल्या समांतर रेषा कधी भेटत नाहीत आणि इथे तर ट्रान्झिस्टरच्या ज्या दोन टोकांमधून मुख्य धारा वाहते त्यांपैकी सगळे कलेक्टर एका तारेवर, सगळे एमिटर दुसऱ्या तारेवर, म्हणून शंका येते. पण हा शब्द टोकांविषयी नाही, त्या दोन टोकांमधल्या वाटांविषयी आहे. एकसर म्हणजे एकाच सरात ओवलेले मणी, धारा सगळ्यांतून तीच. समांतर जोडणीत सारखे असते ते विभवांतर (व्होल्टेज).

‘समांतरमध्ये’ मात्र नको. ‘समांतर जोडले’ एवढे पुरते. काम करणारे ‘चार पॅरलल मारले’ म्हणतात, तिथेही ‘मध्ये’ येत नाही.

‘आठ’ हा आकडाही तपासा. मधून टॅप (जोडणीची तार) काढलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या पुश-पुल इन्व्हर्टरमध्ये बहुधा चार-चारांचे दोन गट असतात. गटातले चार एकमेकांना समांतर, पण दोन्ही गट आळीपाळीने चालतात, म्हणून ते परस्परांना समांतर नव्हेत.

खरी अडचण ‘समान’ या शब्दाची आहे, आणि तो मला सगळ्यात जास्त खटकतो. विभवांतर सारखे असले तरी धारा सारखी वाटली जाईलच असे नाही. एकाच नंबरच्या दोन ट्रान्झिस्टरांतही थोडा फरक असतोच. त्यातला एक जरा जास्त धारा घेतो, तापतो. तापमान दर अंश सेल्सिअस वाढले की तीच धारा वाहायला लागणारे बेस (धारा नियंत्रित करणारे टोक) आणि एमिटर यांमधले विभवांतर सुमारे 2 मिलिव्होल्टने उतरते, म्हणून तो आणखी धारा ओढतो, आणखी तापतो आणि शेवटी जळतो. मग त्याच्या वाट्याची धारा उरलेल्यांवर येऊ शकते. म्हणून प्रत्येकाच्या एमिटरला स्वतंत्र छोटा रेझिस्टर लावतात. 0.1 ओहमच्या रेझिस्टरवर 5 अँपिअरला अर्धा व्होल्ट पडतो. धारा वाढली की हा आकडाही वाढतो, बेसला तेवढे कमी मिळते आणि जास्त ओढणारा आपोआप आवरला जातो. वाटणी तंतोतंत समान होत नाही, पण धोक्याबाहेर येते. मॉसफेट या दुसऱ्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरचे वेगळे: पूर्ण चालू असताना तापला की त्याचा रोध वाढतो, त्यामुळे धारा इतरांकडे वळते. तरी चालू-बंद होण्याच्या क्षणी तिथेही वाटणी बिघडू शकते, म्हणून प्रत्येकाच्या गेटला (नियंत्रण करणाऱ्या टोकाला) वेगळा रेझिस्टर देतात.

तेव्हा, तुमची रचना पुश-पुल असेल तर, वाक्य असे करा: ‘दोन्ही बाजूंना चार-चार पॉवर ट्रान्झिस्टर समांतर जोडले असून विद्युतधारा शक्य तितकी सारखी वाटली जावी म्हणून प्रत्येकाच्या एमिटरला स्वतंत्र रेझिस्टर लावला आहे.’